आवारातल्या संतांच्या मूर्ती: आधी चौथरा बघा, मग रंग

फादर, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. यवतमाळ जिल्ह्यात गावाबाहेर तुमच्या संस्थेचं महाविद्यालय आहे, शेजारी वसतिगृह आणि चॅपल. आवारात पाच मूर्ती आहेत. फाटकाशी काचेच्या पेटीत संत योसेफ, चॅपलजवळ सिमेंटच्या गुहेत लूर्दमाता (म्हणजे येशूची आई मरिया), मुख्य इमारतीसमोर संत फ्रान्सिस द सेल्स, वसतिगृहाच्या कोपऱ्यावर संत अंतोन आणि ग्रंथालयाच्या दारात संत थॉमस अक्वायनस. दोन मूर्तींचा रंग पोपडे धरून सुटतोय, अंतोनचा एक हात मनगटातून गेलाय आणि फ्रान्सिस दरवर्षी थोडे थोडे कलताहेत. महोत्सवी वर्षासाठी संस्थेचा बेत असा की या पाचही रंगवून घ्यायच्या, आणखी सात संत उभे करायचे आणि संस्थापक फादरांचा पुतळा बसवायचा. मटेरियल कोणतं घ्यावं, काम कोणाला द्यावं, आणि गावातल्या बाया लूर्दमातेला हळदकुंकू वाहतात त्याचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर संस्थेच्या मंडळींना आवडणार नाही. सात नवीन मूर्तींचे पैसे आहेत त्या पाचांच्या चौथऱ्यांवर, छपरांवर आणि दुरुस्तीवर घाला, आणि उरलेल्यात एक, फार तर दोन नव्या मूर्ती चांगल्या दगडात करून घ्या. मी मूर्तिकार आहे. बाबासाहेब, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, बुद्ध आणि मिशनच्या आवारांतले संत असं सगळं माझ्या हाताखालून गेलंय. विदर्भात मूर्ती बिघडायला सुरुवात होते ती पायापासून आणि पाठीमागून. समोरून चेहरा खराब दिसायला लागतो तोवर खालचं काम बरंच झालेलं असतं, आणि तेव्हा आपण नेमका चेहऱ्यालाच रंग लावतो.

कललेल्या फ्रान्सिसपासून सुरू करू, कारण तिथं धोका आहे. खाली मुलं बसतात असं फोटोत दिसतंय. मूर्ती फायबरची आहे, तिचं वजन फार नाही. पण चौथरा विटांचा आहे आणि तो काळ्या मातीवर नुसता टेकवलाय. आपली कापसाची जमीन उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाचा पाऊस पडला की तीच माती पाणी पिऊन फुगते. चौथऱ्याच्या एका बाजूला माळी रोज पाणी घालत असेल आणि दुसरी बाजू कोरडी राहत असेल तर एक कड वर उचलली जाते, दुसरी खाली बसते. तुमच्याकडे फ्रान्सिसच्या डाव्या अंगाला हिरवळ आहे आणि मूर्ती उजवीकडे झुकतेय, तेव्हा कारण शोधायला लांब जायला नको. आमचा गवंडी म्हणतो तसं, "काळी माती कोनाची नाही होत, साहेब."

आधी खात्री करून घ्या. भर मे महिन्यात एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा ओळंबा लावून वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंतचा फरक लिहून ठेवा. दोन आकडे वेगळे आले तर जमीन हलतेय, आणि मग वरून कितीही सिमेंट ओतलं तरी उपयोग नाही. मूर्ती उतरवून घ्यावी, चौथरा पाडावा आणि मुरूम लागेपर्यंत खोदावं. मुरूम फार खोल असेल तर काळी माती शक्य तितकी काढून बाहेरून आणलेला मुरूम अर्ध्या फुटाच्या थरांनी, पाणी मारत आणि ठोकत भरावा, त्यावर सळईचं काँक्रीट. चौथरा उंच आणि मूर्ती दगडाची असेल तर खाली फुगवटा असलेले छोटे पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, घ्यायचे. ते काम मात्र स्थापत्य अभियंत्याकडून आखून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. चौथऱ्याभोवती चारी बाजूंनी तीन फुटांचा फरसबंद पट्टा ठेवा, उतार बाहेरच्या बाजूला. हिरवळ आणि पाण्याचा पाइप त्या पट्ट्याच्या पलीकडे. मूर्तीभोवती फुलांचे वाफे करायची आपल्याकडे फार हौस असते, आणि मी पाहिलेले निम्मे चौथरे या वाफ्यांनीच खाल्लेत.

चौथऱ्याचा वरचा दगड सपाट नको, त्याला किंचित उतार हवा आणि तो चहूबाजूंनी दोन इंच बाहेर आलेला हवा. बाहेर आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच मारून घ्यायची, म्हणजे पाणी तिथंच थेंब होऊन तुटतं आणि चौथऱ्यावरून ओघळत नाही. मूर्ती आणि चौथरा यांच्यामध्ये ओल अडवणारा थर पाहिजे. ग्रॅनाइटची लादी चालते, डांबरी पत्रा चालतो. खर्च नगण्य, पण हा थर नसेल तर जमिनीतलं पाणी आणि त्यातले क्षार विटांमधून चढत थेट मूर्तीच्या पायांत जातात. दगड म्हणाल तर आपल्या भागातला काळा बेसाल्ट चौथऱ्याला उत्तम, पाणी फारसं पीत नाही.

आता काचेच्या पेटीतले योसेफ. पेटी कोणीतरी प्रेमानं केली असणार, पण ती काढा. मूर्ती पीओपीची आहे. नखानं तळाशी ओरखडा काढून पाहा, पांढरी भुकटी येईल. बंद काचेत मे महिन्याच्या दुपारी बाहेरच्या पंचेचाळीसपेक्षा कितीतरी जास्त तापमान होतं आणि पावसाळ्यात आतून वाफ धरते. रंगाचा थर आणि त्याखालचं प्लास्टर वेगवेगळ्या गतीनं फुगतात-आकसतात. त्यात वर ऑइलपेंट असेल तर आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ती फोड धरून रंग उचलते. पीओपी म्हणजे पक्कं झाल्यावर जिप्सम, आणि जिप्सम एक लिटर पाण्यात दोन ग्रॅमच्या आसपास विरघळतं. ऐकायला कमी वाटतं, पण पंधरा-वीस पावसाळे ओल चढत राहिली की पायाची बोटं आणि झग्याची खालची घडी गुळगुळीत होऊन जाते. पीओपीची मूर्ती उघड्यावर ठेवायचीच नसते. योसेफना चॅपलच्या आत किंवा व्हरांड्यात, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. बाहेर काच हवीच असेल तर वरून आणि खालून दोन-दोन इंच उघडी जागा जाळी लावून ठेवावी लागते, आणि पेटीवर वेगळं छप्पर.

अंतोनबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. फोटो मोठा करून पाहिला. मला ते अंतोन वाटत नाहीत.

संत अंतोन आणि संत योसेफ या दोघांची मूर्तींत नेहमी गल्लत होते, कारण दोघांच्याही हातात बाळ येशू आणि लिलीची फुलं असतात. पण अंतोन फ्रान्सिस्कन संन्यासी. चेहरा तरुण आणि बिनदाढीचा, डोक्याचा मधला भाग मुंडलेला, तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींची दोरी, आणि बहुतेक वेळा बाळ एका पुस्तकावर बसलेलं. तुमच्या मूर्तीला भरघोस दाढी आहे, डोक्यावर पूर्ण केस आहेत, कमरेला दोरीऐवजी पट्टा आहे आणि खांद्यावरून उपरण्यासारखा झगा घेतलाय. हे योसेफ आहेत. बाळ हातासकट गेलं, मग कुठल्यातरी सणाला कोणीतरी सगळाच झगा तपकिरी रंगवला, आणि पुढच्या मुलांनी तपकिरी झगा पाहून नाव ठेवलं अंतोन. खात्रीसाठी पाठीमागे घडीच्या आत, ब्रश पोचत नाही तिथं, सर्जिकल ब्लेडनं नखाएवढी खिडकी करून खालचा रंग बघा. खाली पिवळसर किंवा जांभळट थर निघाला तर शंका उरणार नाही. कॅथलिक मूर्तिकलेत चेहरा फारसा बोलत नाही, ओळख हातातल्या वस्तूवरून पटते. पेत्राच्या किल्ल्या, पौलाची तलवार, लुसीची थाळीतली दोन डोळ्यांची जोडी, सेबास्तियनचे बाण. म्हणून दुरुस्तीत पहिला पैसा हातावर जातो.

हात तुटण्याचं कारण बहुधा आतला गज. जुन्या मूर्तींत मनगटात साधं लोखंड घालत. ओल पोचली की ते गंजतं, आणि गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो, प्लास्टर फुटणारच. जुना गज पूर्ण काढायचा, तिथं स्टेनलेस स्टीलची किंवा काचतंतूची कांडी एपॉक्सीत बसवायची. भुसभुशीत झालेल्या प्लास्टरला आधी पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं द्रव्य ॲसिटोनमध्ये पातळ करून पाजायचं, मग नवीन भर घालायची. तुटलेली बोटं, बाळाचा तुकडा, काही सापडलं असेल तर डब्यात कापूस घालून जपा. कोठीघरात, जिन्याखाली, जुन्या वेदीच्या मागे शोधायला लावा. मिशनच्या आवारात अशा वस्तू कोणी फेकत नाही, त्या कुठंतरी असतात.

आणि रंगवण्याआधी दोन्ही योसेफांच्या पायथ्याच्या मागे ठसा आहे का ते पाहा. नागपूर धर्मप्रांत, म्हणजे तिथल्या बिशपांच्या हाताखालचा प्रदेश, १८८७ चा, आणि इकडं सुरुवातीला आलेले मिशनरी फ्रान्समधल्या अॅनेसीच्या फ्रान्सिस द सेल्स संघाचे. म्हणूनच नागपूरच्या कॅथेड्रलपासून कॉलेजपर्यंत सगळीकडं हा संत दिसतो. त्या काळात फ्रान्स, इटली, जर्मनीतून साच्यातल्या प्लास्टर मूर्ती जगभरच्या मिशन्सना जात असत. ठसा सापडला किंवा डोळे काचेचे निघाले, तर मूर्तीला ब्रश लावू नका. लॅटिन, म्हणजे रोमन परंपरेच्या, चर्चच्या कायद्यात, कॅनन (कलम) ११८९ मध्ये, जुन्या, कलादृष्ट्या मोलाच्या किंवा भाविकांच्या खास श्रद्धेच्या प्रतिमा दुरुस्त करायच्या तर बिशपांची लेखी परवानगी आणि त्याआधी जाणकारांचा सल्ला लागतो. तुम्ही अमरावती धर्मप्रांतात येता, पत्र तिथं जाईल. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकांनी लक्षात घ्यावं की चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या पौर्वात्य परंपरेचा, आहे, त्यांना पौर्वात्य चर्चचा वेगळा कायदा लागतो. त्यांनी बल्लारपूरला विचारावं.

दोन योसेफ झाले म्हणून घाबरू नका. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, सर्वसाधारण सूचनांत चर्चच्या आत एका संताची सहसा एकच प्रतिमा असावी असं म्हटलंय, तेव्हा एक चॅपलमध्ये आणि दुसरे वसतिगृहाच्या व्हरांड्यात, असं करता येईल. योसेफ स्वतः सुतार, आणि सुतारकाम शिकणारी मुलं तुमच्याकडे आहेतच.

रंगाबद्दल थोडं. नाताळच्या आधी पेंटर बोलावून सगळ्यांना चकचकीत ऑइलपेंट मारायचा, हा प्रकार बंद करा. दर थराला नाकाची धार, पापणी, ओठांची कड बुजत जाते. तुमच्या लूर्दमातेच्या पायांवरची सोनेरी गुलाबाची फुलं आता दोन गोळे झालीत. जुने थर काढायला कॉस्टिक किंवा तारेचा ब्रश वापरणाऱ्याला आवारात पाऊल ठेवू देऊ नका. थर ब्लेडनं आणि सौम्य सॉल्व्हंटनं, हातभर जागा करत काढावे लागतात. याला वेळ लागतो आणि त्याची मजुरी पेंटरपेक्षा जास्त असते. वर अॅक्रिलिक रंग, शेवटी ऊन अडवणारं मॅट वॉर्निश. बाहेरच्या मूर्तींना गेरू, पिवळी माती, काळा असे मातीतले रंग वर्षानुवर्षं टिकतात. भडक लाल आणि गुलाबी आपल्या उन्हात लवकर पळतात. निळा निवडताना थांबा: सिमेंटवर प्रशियन निळा लावला तर सिमेंटचा चुना तो मारून टाकतो, मातेचा झगा मळकट तपकिरी होतो. तिथं अल्ट्रामरीन किंवा थॅलो निळा घ्या.

लूर्दमातेची गुहा मला फोटोत आवडली, पण ती मागून भिजतेय. गुहेच्या पाठीला मातीचा ढीग लावलाय, त्यातून पाणी झिरपतं आणि आतल्या भिंतीवर पांढरे क्षार फुटलेत. माती हातभर मागं सरकवा, पाठीला वॉटरप्रूफिंग आणि तळाशी पाणी निघायला चर. कोनाड्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. आग्या मोहोळ आणि गांधीलमाशी अशा गुहांत दर वर्षी येते; मुलांना धूर करू देऊ नका, काजळी मूर्तीवर बसते आणि निघत नाही. मोहोळ उतरवणारा माणूस गावात असतोच.

फ्रान्समधल्या मूळ लूर्दची गोष्ट तुमच्या समितीला सांगा. १८५८ च्या ११ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत बर्नादेत नावाच्या तिथल्या मुलीला मातेचं अठरा वेळा दर्शन झालं. १८६४ मध्ये शिल्पकार फाबिशनं तिच्याच वर्णनावरून संगमरवरी मूर्ती केली, आणि ती पाहून बर्नादेतचं समाधान झालं नाही. तेव्हा मातीच्या नमुन्यावरून समितीत वाद झाले तर नाराज होऊ नये. समोरून पाहताना तिथं मूर्ती उजवीकडच्या वरच्या कोनाड्यात आहे. आपल्याकडं बऱ्याच गुहांत ती मधोमध बसवतात. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात १८९६ मध्ये अशीच गुहा बांधली, विद्यार्थी परीक्षेच्या आधी तिथं मेणबत्त्या लावतात. तुमच्याकडंही तसं होत असेल, तर मेणबत्त्यांची जागा मूर्तीपासून किमान सहा फूट पुढं, वाळूच्या लोखंडी ट्रेमध्ये, वर उघडं आकाश.

हळदकुंकवाचं आता. मी ख्रिस्ती नाही, तेव्हा धर्मशास्त्र तुम्हीच सांगाल. इतकं ठाऊक आहे की ७८७ च्या निकायाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेनं प्रतिमेला दिलेला मान तिच्यातून मूळ व्यक्तीला पोचतो असं ठरवलं, आणि १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं तेच पुन्हा सांगितलं. गावातली बाई माऊली म्हणून हात जोडते, पोरीच्या बाळंतपणासाठी नवस बोलते, तिला हे निर्णय माहीत नसतात. तिला हटकू नका असं माझं मत. मूर्तिकार म्हणून माझी अडचण एवढीच की कुंकू आणि तेल प्लास्टरमध्ये आणि संगमरवरात मुरतं आणि निघत नाही, आणि गळ्यातल्या हाराच्या ओल्या देठांनी मानेवर हिरवट रेघ पडते. यावर भांडणापेक्षा दगड बरा. कोनाड्याच्या खाली, बाईच्या कमरेच्या उंचीला, एक काळ्या दगडाचा उतरता कट्टा करा. हळदकुंकू, नारळ, फुलं तिथं. हार अडकवायला रेलिंगवर दोन आकडे. बऱ्याच आवारांत हे करून दिलंय. आठ-पंधरा दिवसांत लोक आपोआप कट्ट्याकडं वळतात, कारण कट्टा हाताला जवळ असतो आणि कोनाड्यापर्यंत हात पोचत नाही.

तुमच्या विद्यार्थ्यांत बौद्ध आणि हिंदू जास्त आहेत, थोडे प्रोटेस्टंट घरांतले. प्रोटेस्टंट मुलांना मूर्ती मुळातच खटकतात, त्यांच्या चर्चमध्ये साधा क्रूस असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेला हजर राहायला सांगता येत नाही. म्हणून मूर्ती अशा जागी असाव्यात की ज्याला थांबायचंय तो थांबेल आणि ज्याला वर्गात जायचंय तो बाजूनं जाईल. प्रार्थनेच्या रांगा फ्रान्सिसच्या समोर आणि परीक्षेच्या हॉलचं दारही तिथंच, ही तुमची सध्याची रचना बदला. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला मात्र काहीही उभारू नका. २०१३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक रस्ते, पदपथ अशा जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये असा आदेश दिलाय, आणि गावात एका पुतळ्यावरून दुसरा वाद उभा राहायला वेळ लागत नाही.

संस्थापक फादरांचा पुतळा खुशाल करा, पण संतांच्या ओळीत नाही आणि डोक्यामागे प्रभावळ नाही. कॅनन ११८७ नुसार सार्वजनिक उपासना फक्त चर्चनं संत किंवा धन्य म्हणून घोषित केलेल्यांचीच. कार्यालयासमोर अर्धपुतळा, खाली नाव आणि साल, बास. तिथं मेणबत्ती लावायची सोय ठेवू नका.

नवीन संत कोणते, यावर माझं मत विचारलंय म्हणून सांगतो. कॅनन ११८८ स्वतःच म्हणतो की चर्चमधल्या प्रतिमा संख्येनं माफक आणि योग्य क्रमानं असाव्यात. आवारालाही तोच नियम शोभतो. अक्वायनस तुमच्याकडे आहेत, १८८० पासून ते कॅथलिक विद्यापीठांचे आणि शाळांचे आश्रयदाते. छातीवरचा सूर्य घासून गेलाय, तेवढा परत उठवून घ्या. फ्रान्सिस द सेल्स १९२३ पासून लेखक-पत्रकारांचे, तुमच्या पत्रकारिता विभागाला त्यांचा उपयोग आहे. नव्यात मी वसईच्या गोन्सालो गार्सियाला पहिली पसंती देईन. १५९७ मध्ये नागासाकीत क्रूसावर मारला गेला, १८६२ मध्ये संत झाला, आणि आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा. तुमच्या मुलांपैकी किती जणांना हे माहीत आहे ते विचारून पाहा. दुसरी हवीच असेल तर मदर तेरेसा. २०१६ नंतर त्या संत आहेत, आणि गावातल्या कोणालाही साडीवरून ओळखू येतात. विद्यार्थी कार्लो अॅक्युटिसचं नाव घेताहेत असं तुम्ही लिहिलंय. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये संत झालेला हा जीन्स आणि स्पोर्ट्स शूजमधला मुलगा मलाही करायला आवडेल, पण पाठीवरच्या बॅगेचे पट्टे आणि बुटांच्या लेस दगडात लवकर तुटतात. तो फायबरमध्ये, वसतिगृहाच्या आत.

मटेरियल त्यावरून ठरतं. उघड्यावर पन्नास वर्षं ठेवायची तर मकराना संगमरवर किंवा ब्राँझ. मकराना जयपूरला कोरला जातो. तिथले कारागीर साईबाबांच्या इतक्या मूर्ती करतात की योसेफ सांगितले तरी हात सवयीनं शिर्डीच्या दाढीकडं जातो, तेव्हा मातीचा नमुना मंजूर केल्याशिवाय दगडाला छिन्नी लावू देऊ नका. संगमरवर आम्लानं झिजतो. संडास साफ करायचं द्रव त्यावर ओतणारे महाभाग मी पाहिलेत. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी साध्या पाण्यानं काढायची. ब्राँझचं सोनंच करतात चोर, म्हणून गावाबाहेरच्या आवारात मी ते सुचवत नाही. फायबर घ्यायचं तर चांगलं घ्या: वरचा जेलकोट, म्हणजे सगळ्यात बाहेरचा थर, ऊन सोसणारा आणि रंग त्यातच मिसळलेला, खाली काचतंतूचे किमान तीन-चार थर, जाडी पाच मिलिमीटरच्या पुढं, आतला सांगाडा स्टेनलेसचा, तळाशी पाणी निघायला भोक. गडद रंगाचं फायबर मेच्या दुपारी हात लावू देत नाही आणि तेवढ्यानंच लवकर भुकटी सोडतं. म्हणून फिके रंग. मूर्तीची पाठ नैऋत्येला असावी, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. आपला झोडपता पाऊस आणि दुपारनंतरचं ऊन दोन्ही तिकडून येतं. वर छप्पर हवंच, आणि ते पुढं चांगलं बाहेर आलेलं.

सिमेंटच्या मूर्तीबद्दल विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो: घेऊ नका. सळई वरच्या कडेजवळ येते, पाच-सहा वर्षांत गंजते, आणि मग चेहऱ्यावर उभी भेग.

काम देताना दर फुटावर ठरवतात, तो सगळ्यात वाईट हिशेब. उंची वाढते आणि हात-चेहरा कच्चा राहतो. नागपूरला मूर्तिकारांच्या चितार ओळीत किंवा जयपूरला, कुठंही द्या, पण पैसे टप्प्यांनी: मातीचा नमुना, साचा किंवा ठोकळ कोरीव काम, पूर्ण काम, बसवणं. शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर. चौथऱ्याचं आणि मूर्तीचं कंत्राट वेगवेगळ्या माणसांना द्या, नाहीतर मूर्तिकार चौथऱ्यात वाचवतो.

ज्या मूर्ती खरंच दुरुस्त होण्यापलीकडं गेल्या असतील, त्यांचं विसर्जन करू नका. पीओपी आणि ऑइलपेंट पैनगंगेत टाकून काय मिळवायचं. आशीर्वाद दिलेल्या वस्तू चर्चच्या रीतीप्रमाणे आदरानं जमिनीत पुरतात. तुमच्या दफनभूमीच्या कोपऱ्यात जागा असेल.

मला पुढं मत द्यायचं तर प्रत्येक मूर्तीचे चार बाजूंनी फोटो पाठवा, शेजारी एक फूटपट्टी उभी करून. पायथ्याच्या मागचा ठसा, तुटलेल्या मनगटाचा जवळून फोटो, आणि फ्रान्सिसच्या चौथऱ्याशेजारी दोन फूट खड्डा खणून त्यातल्या मातीचा फोटो वेगळा. खड्डा खणताना काळी माती किती खोलीवर संपते आणि मुरूम कुठं लागतो तेवढं लिहा.